वासा फिरला तेव्हा : संग्रहालयातील नोकरी आणि स्टॉकहोमचे दोन दिवस

कोठीची_किल्ली

परदेशातल्या संग्रहालयात नेमके काय काम चालते आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत स्कॅन्डिनेव्हियात काय पाहून होते, असे दोन प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी विचारले. दोन्हींचे उत्तर एकाच धाग्यात देते, कारण माझ्या बाबतीत ती उत्तरे एकमेकांपासून सुटी होत नाहीत.

मी हॅम्बुर्गमधल्या एका संग्रहालयात लाकडी वस्तूंची कॉन्झर्वेटर, म्हणजे जुन्या वस्तू टिकवून ठेवण्याचे काम करणारी, आहे. हे सांगितले की रत्नागिरीचे नातेवाईक "म्हणजे तू तिथे माहिती सांगतेस का?" असे विचारतात आणि मी नाही म्हटले की "मग पुसतेस का?" असा पुढचा प्रश्न येतो. या दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बरेचसे होकारार्थी आहे. एका हातात मऊ केसांचा ब्रश आणि दुसऱ्या हातात बारीक तोंडाची व्हॅक्यूमची नळी धरून एखाद्या मुखवट्याच्या भुवईतली धूळ काढण्यात माझी अख्खी सकाळ जाते. जुन्या संग्रहांवर कीड लागू नये म्हणून एकेकाळी डीडीटी आणि आर्सेनिक सढळ हाताने वापरलेले असल्यामुळे मास्क आणि नायट्रिलचे हातमोजे घातल्याशिवाय कोठारातल्या कशालाही हात लावता येत नाही. काही लाकडांवर डीडीटीचे पांढरे स्फटिक इतक्या वर्षांनंतरही पुन्हापुन्हा वर येतात. कोठाराच्या कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवलेले असतात आणि ठरलेल्या दिवशी ते भिंगाखाली धरून कोणता किडा किती सापडला याची नोंद करणे, हाही नोकरीचाच भाग आहे. उरलेला वेळ आर्द्रतेच्या आलेखांकडे बघण्यात जातो. लहानपणी आमच्या घरातले लाकडी कपाट पावसाळ्यात फुगून लागेनासे व्हायचे आणि दिवाळीनंतर आपोआप नीट लागायचे. ते कपाटाचे दार हाच माझ्या विषयाचा पहिला धडा होता, हे मला फार उशिरा कळले.

संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून दालनातली आमची बहुतेक कामे सोमवारीच होतात. इतके ठाऊक असूनही पहिल्या वर्षी मी एकदा सोमवारची रजा काढून दुसऱ्या शहरातले संग्रहालय पाहायला गेले होते आणि बंद दाराचा फोटो काढून परत आले होते. तेव्हापासून मी शनिवार-रविवारच गाठते आणि एका दिवसात एकच संग्रहालय पाहते. या नोव्हेंबरमध्ये शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने स्टॉकहोमला गेले आणि रविवारी रात्री परतले. त्या दिवसांत तिथे दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे निसर्ग बघायला जाणाऱ्यांनी हा महिना टाळावा. मला मात्र अंधाऱ्या दालनातच जायचे होते.

शनिवारचा संपूर्ण दिवस 'वासा' या जहाजासाठी ठेवला होता. स्वीडिश भाषेत या शब्दाचा संबंध धान्याच्या पेंढीशी आहे आणि ती पेंढी तिथल्या वासा राजघराण्याचे चिन्ह होती. पण मराठी माणसाला वासा म्हटले की घराच्या छपराचा वासा आठवतो आणि पाठोपाठ घर फिरल्यावर वासेही फिरतात ही म्हणही आठवते. या जहाजाच्या बाबतीत म्हण उलटी लागू पडते, कारण इथे वासाच आधी फिरला. दुसऱ्या गुस्ताव अडॉल्फ राजासाठी बांधलेले, ६४ काशाच्या तोफांचे हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी आपल्या पहिल्याच फेरीवर निघाले, जेमतेम १३०० मीटर गेले आणि वाऱ्याच्या एका झोताने असे कलले की तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरून बंदरातच बुडाले. सुमारे ३० माणसे गेली. जहाज डळमळीत आहे हे आधी माहीत नव्हते असेही नाही. धक्क्याला बांधलेले असतानाच ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली गेली होती आणि जहाज उलटेल अशी धास्ती वाटल्यामुळे ती मध्येच थांबवली होती. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. मुख्य कारागीर हेन्रिक हुबर्टसन हा डच माणूस आदल्याच वर्षी वारला होता, ही सगळ्यांच्या दृष्टीने मोठी सोय झाली असावी.

दालनात शिरल्यावर लोक वर बघतात, आणि तसे बघण्यासारखे वर खूपच आहे, कारण डोलकाठीसकट या जहाजाची उंची साडेबावन्न मीटर आहे आणि मागच्या बाजूला सिंह आणि योद्धे, तर पुढच्या टोकाला रोमन सम्राट यांच्या मूर्तींची दाटी आहे. मी मात्र व्यवसायाच्या खोडीमुळे आधी खाली बघितले. जहाज ज्या टेकूंवर उभे आहे ते टेकू, त्यांच्याजवळ लाकडाला पडलेले दाब, तक्त्यांवर कुठेकुठे दिसणारे फिकट पिवळसर डाग आणि नव्या बोल्टांची डोकी हे पाहण्यात माझा पहिला तास गेला. शेजारच्या एका गृहस्थांना मी जमिनीवर पडलेले काहीतरी शोधते आहे असे वाटले आणि त्यांनी मोबाइलचा उजेड पाडून मला मदतही केली.

ते डाग म्हणजेच या जहाजाची खरी गोष्ट आहे, असे माझे मत आहे. खाऱ्या समुद्रात बुडालेले लाकूड टेरेडो नावाचा, किड्यासारखा दिसणारा शिंपल्यांच्या कुळातला जीव पोखरून टाकतो. बाल्टिक समुद्राचे पाणी इतके मचूळ आहे की तिथे तो जगत नाही. त्यात स्टॉकहोम शहराचे सांडपाणी शतकानुशतके याच बंदरात येत राहिले, तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला आणि लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक जिवाणूंचेही काही चालले नाही. बुडालेली जहाजे शोधणाऱ्या अँडर्स फ्रान्सेन यांना १९५६ मध्ये जहाजाचा ठाव लागला तो तळाशी सोडलेल्या पोकळ टोच्यात अडकून आलेल्या काळ्या ओक लाकडाच्या तुकड्यामुळे. नौदलाच्या बुडी मारणाऱ्या माणसांनी जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओवले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनंतर, ते पृष्ठभागावर आले.

पुढचा भाग पर्यटकांच्या पुस्तिकांत एका ओळीत उरकतात. पाण्याने भरलेले लाकूड तसेच वाळू दिले तर आक्रसून फाटते, म्हणून लाकडातले पाणी जसे बाहेर पडेल तशी त्याची जागा घेण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ पाण्यात मिसळून जहाजावर फवारत राहिले. ही फवारणी १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९७९ मध्ये थांबली. सतरा वर्षे एकाच वस्तूवर फवारा मारणाऱ्या त्या माणसांचा मला हेवाही वाटतो आणि धास्तीही वाटते, कारण आपण करतो ते बरोबर आहे की नाही हे कळायला त्यांना आयुष्य पुरणार नव्हते.

आणि ते पूर्णपणे बरोबर नव्हतेच. आजचे संग्रहालय १९९० मध्ये उघडले. २००० सालचा उन्हाळा तिथे फार पावसाचा गेला, भिजलेल्या कोटांनी आणि छत्र्यांनी हजारो माणसे दालनात आली, आतली आर्द्रता वरखाली झाली आणि लाकडावर आम्लयुक्त क्षारांचे फुलोरे दिसू लागले. ज्या सांडपाण्याने जहाज वाचवले त्यातल्याच जिवाणूंनी लाकडात गंधक भरून ठेवले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यापासून ५००० किलोपर्यंत गंधकाम्ल होऊ शकेल असा अंदाज दिला होता. गंजलेल्या बोल्टांचे लोखंड आणि हवेतला प्राणवायू यांच्या संगतीने त्या गंधकाचे गंधकाम्ल होत होते. २००४ मध्ये वातानुकूलनाची नवी यंत्रणा बसवली आणि २०११ पासूनच्या काही वर्षांत ५००० हून अधिक बोल्ट काढून तिथे खास पोलादाचे बोल्ट घातले. तरीही जहाज दरवर्षी सुमारे १ मिलिमीटर खचते आहे आणि त्यासाठी आधाराची नवी चौकट उभारण्याचे काम चालू आहे.

रविवारी पुलावरून चालत ऐतिहासिक संग्रहालयात गेले. तिथे मला फक्त साडेआठ सेंटिमीटरहूनही किंचित कमी उंचीची एक वस्तू पाहायची होती. स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन सरोवरात हेल्यो नावाचे बेट आहे आणि १९५४ मध्ये तिथे सुरू झालेल्या उत्खननात एक काशाचा बुद्ध सापडला. दुहेरी कमळावर पद्मासनात बसलेली ही मूर्ती साधारण सहाव्या शतकातली, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याच्या परिसरात घडलेली मानतात. सापडली तेव्हा तिच्या गळ्याभोवती आणि हाताभोवती चामड्याची पट्टी होती, म्हणजे कुणीतरी ती अंगावर बाळगत असावे किंवा कशाला तरी बांधून ठेवत असावे. त्याच जागी आयर्लंडमधल्या धर्मगुरूच्या काठीची मूठ आणि इजिप्तकडचा पळीसारखा डाव सापडला आहे. मूर्ती व्यापाऱ्यांच्या हातून हात बदलत आली असेल. ती कोणाची प्रतिमा आहे हे ज्याच्याकडे होती त्याला ठाऊक होते का, हे सांगणारे काहीही उरलेले नाही. काचेला नाक लावून मी पंधरा मिनिटे उभी होते. पहारेकऱ्याने एकदा खाकरून सूचना दिली आणि माझ्याच संग्रहालयात अशा नाकांचे ठसे पुसायला लागतात हे आठवून मी मागे सरकले.

खाडीकाठ

ताई, लेख फार आवडला. मी देवगडचा असून आमच्या घरात तीन पिढ्या होड्या होत्या. टेरेडोचा उल्लेख वाचून आजोबांची आठवण झाली, कारण लाकडी होडी पाण्यात नुसती उभी राहिली की खालून चाळण होते हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. वरून फळी गुळगुळीत दिसते आणि बोटाने दाबली की आत जाते. म्हणूनच पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या, तळ खरवडायचा, वाळवायचा आणि तेल-चुन्याचा थर देऊन मगच नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटायच्या, असा क्रम होता. आता बहुतेक होड्या फायबरच्या झाल्या आहेत आणि ते कौशल्य आमच्याबरोबर संपेल.

मला विचारायचे आहे ते नीरमाबद्दल. होडी रिकामी असली की तळाला दगड भरून ती खाली बसवायची, त्याला आजोबा नीरम म्हणत. एवढ्या मोठ्या जहाजात नीरम कमी पडले की जागाच कमी होती?

कोठीची_किल्ली

तुमचा प्रश्न एखाद्या चौकशी समितीला शोभेल असा आहे, आणि १६२८ च्या चौकशीत तो खरोखरच विचारला गेला होता. वासाच्या तळाशी सुमारे १२० टन दगड होते आणि त्याहून अधिक भरायला जागा नव्हती. आणखी भरले असते तरी जहाज खाली बसून तोफांचे खालचे झरोके पाण्याच्या आणखी जवळ आले असते. दोष नीरमाचा नव्हता. पाण्याच्या रेषेवरचा भाग फार जड बांधला होता आणि तो जहाज पूर्ण झाल्यावर कमी करता येत नव्हता.

तुम्हाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगते. जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यांतल्या दोन स्वीडिश फुटाच्या होत्या, ज्यात १२ इंच असत, आणि दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या होत्या, ज्यात ११ इंच असत. एकाच धक्क्यावर दोन देशांचे सुतार आपापल्या फुटाने फळ्या मापत होते. जहाजाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत, हे आजच्या मोजमापांतून दिसते. मी त्या पट्ट्यांच्या काचपेटीसमोर सगळ्यात जास्त वेळ थांबले, कारण आमच्या कार्यशाळेतही एक सहकारी मिलिमीटरमध्ये बोलतो आणि दुसरी सेंटिमीटरमध्ये, आणि त्यावरून आम्ही एक आख्खी पेटी चुकीच्या मापाची करून घेतली आहे.

रसायनी

मी पुण्यात औषधनिर्मितीच्या क्षेत्रात आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आमच्याकडे मलमांच्या पायासाठी आणि गोळ्यांसाठी रोज लागते, त्यामुळे त्याचे एवढे मोठे गिऱ्हाईक जहाजही असू शकते हे वाचून गंमत वाटली. माझी शंका अशी की गंधकाम्ल तयार होत असेल तर ते एखाद्या सौम्य अल्कलीने मारून का टाकत नाहीत?

कोठीची_किल्ली

तसा प्रयत्न झाला. खाण्याच्या सोड्याच्या जातीचे लेप फुलोऱ्यांवर लावून पाहिले गेले. पृष्ठभागावरचे आम्ल त्याने कमी होते, पण लेप आत फारसा उतरत नाही, आणि लाकडाच्या पोटात जे चालले आहे ते तसेच चालू राहते. शिवाय प्रत्येक लेप म्हणजे लाकडाला पुन्हा पाणी पाजणे आहे. त्यामुळे आता भर लोखंड काढून घेण्यावर आणि हवा स्थिर ठेवण्यावर आहे. तापमान १८ ते २० अंशांच्या दरम्यान आणि आर्द्रता पन्नाशीच्या थोडी वर, इतकेच त्या प्रचंड यंत्रणेचे काम. ऐकायला ते फारसे शौर्याचे वाटत नाही आणि वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हेच काम किती कठीण असते हे तिथल्या संग्रहालयांत काम करणाऱ्यांना विचारा. बाहेर नव्वद टक्के आर्द्रता आणि दारात निथळणाऱ्या छत्र्या घेऊन उभी असलेली शाळेची सहल.

पाटीपेन्सिल

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कटुतेने नव्हे तर कुतूहलाने मांडते. पहिल्याच दिवशी बुडालेल्या, एका लढाऊ राजाच्या हट्टापायी बांधलेल्या जहाजावर एका देशाने साठ वर्षे पैसा ओतावा, हे मला पटत नाही. शिक्षिका म्हणून मी मुलांना सहलीला नेते तेव्हा ती वस्तू आपल्याला कुणाच्या जगण्याबद्दल काय सांगते, हा प्रश्न मी आधी विचारते. इथे त्याचे उत्तर राजाच्या दिमाखापलीकडे जाते का?

कोठीची_किल्ली

जाते, आणि ते बुडाल्यामुळेच जाते. जी जहाजे यशस्वी झाली ती वापरून, झिजवून, शेवटी फोडून सरपणाला गेली; त्या काळातली यशस्वी युद्धनौका आज कुणाला दाखवता येत नाही. वासा मात्र एका दुपारी जसेच्या तसे थांबले, म्हणून त्यात राजाच्या सिंहांबरोबर खलाशांच्या लाकडी पेट्या, जोडे, चमचे आणि दारू शिल्लक असलेली कथली चंबूसारखी बाटलीही सापडली. नाव नसलेल्या माणसांचे सामान इतक्या संख्येने एरवी मिळत नाही.

तुमच्या मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. जहाजात सापडलेल्या सांगाड्यांना संशोधकांनी वर्णाक्षरे दिली होती आणि त्यांतल्या 'जी' या सांगाड्याला सगळे गुस्ताव म्हणत. २०२३ मध्ये डीएनए तपासणीचा निकाल आला आणि गुस्ताव ही स्त्री असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून तिला गेरट्रूड म्हणतात. सुमारे सहा दशके तिच्या हाडांची मोजमापे घेऊनही हे ठरत नव्हते. पैशांबद्दलचा तुमचा आक्षेप मी खोडून काढत नाही. मला पगार देणाऱ्या संस्थेबद्दलही तो घेता येईल.

उत्तरध्रुव

मी नऊ वर्षे कोपनहेगनमध्ये राहतो, म्हणून डेन्मार्कची बाजू मांडतो. जहाजांची आवड असणाऱ्यांनी स्टॉकहोमइतकेच रॉस्किल्डेला यावे. कोपनहेगनहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. अकराव्या शतकात शहराचे रक्षण करण्यासाठी तिथल्या खाडीत पाच जुनी जहाजे दगड भरून मुद्दाम बुडवली होती. १९६२ मध्ये त्यांच्याभोवती पोलादी पत्र्यांचा बांध घालून पाणी उपसले आणि जहाजे तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढली. त्यांतले सगळ्यात लांब, सुमारे ३० मीटरचे जहाज १०४२ च्या सुमारास डब्लिनजवळ बांधलेले होते, हे लाकडाच्या वर्तुळांवरून ठरले. त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधून २००७ मध्ये साठेक माणसांनी ती समुद्रमार्गे डब्लिनला नेली.

कॉन्झर्वेटर ताईंना रस वाटेल अशी गोष्ट इमारतीची आहे. खाडीच्या अगदी काठावर १९६९ मध्ये बांधलेले काँक्रीटचे दालन वास्तुकलेचा नमुना म्हणून संरक्षित होते. खाऱ्या हवेने त्याचे काँक्रीट खाल्ले, डिसेंबर २०१३ च्या वादळात पाणी काचांपर्यंत आले आणि २०१८ मध्ये इमारतीचे संरक्षण काढून घेण्यात आले. नऊ शतके पाण्याखाली राहिलेल्या जहाजांना पन्नास वर्षांच्या इमारतीपासून वाचवायची पाळी आली.

बाकी, कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयातही एक दिवस काढावा. पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग ही शाळेत शिकलेली विभागणी तिथल्या ख्रिश्चन युर्गेन्सेन थॉमसेन यांनी संग्रहातल्या वस्तू लावताना रूढ केली. त्यांचे मार्गदर्शक पुस्तक १८३६ मध्ये छापले गेले. तमिळनाडूत तरंगमबाडीला १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिश वसाहत होती, त्यामुळे भारताशीही डेन्मार्कचा जुना संबंध आहे. आणि वेळ उरलाच तर डेव्हिड संग्रह नावाचे एक विनामूल्य संग्रहालय आहे, तिथे दख्खनी चित्रे पाहायला मिळतात. परदेशात गारठलेल्या पायांनी आपल्या मुलखातली चित्रे बघताना जे वाटते ते इथे लिहीत नाही.

कोठीची_किल्ली

थॉमसेन यांची आठवण काढलीत हे फार बरे झाले. कोणती वस्तू कोणत्या वस्तूंबरोबर एकाच ठिकाणी सापडली हे लिहून ठेवण्यावर त्यांची सगळी मांडणी उभी होती. आमच्या कोठारात जुन्या काळी आलेल्या कितीतरी वस्तूंवर नुसता देशाचा आणि देणाऱ्याचा उल्लेख आहे. मूळ जागा कोणती, शेजारी काय होते, कुणी कशासाठी वापरली, यातले काही नाही. वस्तू शाबूत आणि गोष्ट गहाळ, ही अवस्था किडीपेक्षा वाईट असते आणि तिच्यावर लेप लावता येत नाही.

रॉस्किल्डे मी एप्रिलसाठी ठरवले आहे. हॅम्बुर्गहून कोपनहेगनची रेल्वे पूर्वी बोटीत चढून समुद्र ओलांडायची, ते २०१९ च्या शेवटी बंद झाले. मला ते अनुभवायचे राहून गेले.

भटकभवानी

आम्ही चौघे मे महिन्यात म्युनिकहून निघणार आहोत आणि नवऱ्याकडे जर्मनीचा रहिवासी परवाना आहे. मुले आठ आणि अकरा वर्षांची. माझे तीन साधे प्रश्न आहेत. वेगळा व्हिसा लागतो का, रोख पैसे किती ठेवावेत, आणि दोन दिवसांत ऑस्लोसुद्धा होईल का? मुलीला वायकिंगांची बुद्धाची बादली बघायची आहे. ती तुमच्या त्या बुद्धाबरोबरच ठेवलेली असते ना?

उत्तरध्रुव

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो. ज्यांच्याकडे जर्मन परवाना आहे त्यांना डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र चौघांकडेही स्वतःचे परवाने असायला हवेत आणि पारपत्राची मूळ प्रत जवळ हवी. रेल्वेने डेन्मार्कमध्ये शिरताना सीमेवर पोलीस तपासणी करतात. माझ्या मेहुण्याने मोबाइलमधला फोटो दाखवला होता आणि पुढचा पाऊण तास त्याने फलाटावर काढला. रोख रकमेची काळजी करू नका. स्वीडनमध्ये कितीतरी दुकाने आणि उपाहारगृहे नोटा घेतच नाहीत. तिन्ही देशांचे चलन वेगवेगळे आहे, युरो तर नाहीच, तेव्हा कार्ड चालेल याची खात्री करून निघा.

कोठीची_किल्ली

ऑस्लो दोन दिवसांत बसवू नका, आणि मुलीची आधीच समजूत घालून ठेवा. ती बादली ऑस्लोजवळच्या ओसेबर्गच्या दफनातली आहे, ज्याचे उत्खनन १९०४ मध्ये झाले. बादलीच्या कानांवर मांडी घालून बसलेल्या दोन आकृत्या आहेत म्हणून तिला ते नाव पडले. बुद्धाशी तिचा काहीही संबंध नाही, ती आयर्लंडकडची कारागिरी मानतात. खरा बुद्ध स्टॉकहोमला आहे. ऑस्लोचे वायकिंग जहाजांचे जुने संग्रहालय २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या बांधकामासाठी बंद झाले, त्यामुळे नवे दालन उघडले आहे का हे तिकिटे काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

ओसेबर्गचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तिथल्या घसरगाड्या आणि इतर कोरीव लाकडी वस्तू टिकाव्यात म्हणून त्या काळच्या तज्ज्ञांनी लाकडाचे तुकडे गरम तुरटीच्या द्रावणात मुरवले. हो, आपली दाढीची आणि गढूळ पाण्याची तुरटी. तेव्हा तो सर्वोत्तम उपाय होता. शंभर वर्षांत त्याच तुरटीच्या आम्लाने लाकूड आतून भुसभुशीत केले आणि आज त्यातल्या काही वस्तू वरच्या लाखेच्या थरामुळेच आकार धरून आहेत. हॅम्बुर्गला माझ्या टेबलावर जे डिंक आणि रेझिन आहेत त्यांच्या बाटल्यांकडे मी अधूनमधून या नजरेने बघते.

मुलांसाठी स्वेटर आणि विजेरी घ्या. मे महिना असला तरी वासाच्या दालनात बऱ्यापैकी गार आणि अंधार असतो, आणि अकरा वर्षांच्या मुलाला कोपऱ्यांतले बोल्ट शोधायला सांगितले तर दीड तास निघतो.

मनीप्लांट

मी पुरातत्त्वात एमए करते आहे. अशी नोकरी मिळवण्यासाठी काय शिकावे लागते? आणि पगार कसा असतो, हे विचारणे अशिष्ट असल्यास क्षमस्व.

कोठीची_किल्ली

अशिष्ट मुळीच नाही. जर्मनीत कॉन्झर्वेशन हा पुरातत्त्वाहून वेगळा अभ्यासक्रम आहे. कोलोन, बर्लिन, हिल्डेसहाइम, स्टुटगार्ट इथे तो शिकवतात. प्रवेशाआधी एखाद्या कार्यशाळेत बराच काळ प्रत्यक्ष हाताने काम केलेले असावे अशी अपेक्षा बऱ्याच ठिकाणी असते, शिक्षण बहुतांशी जर्मनमधून होते आणि रसायनशास्त्राला पळवाट नाही. भारतात लखनऊची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा या क्षेत्रात १९७६ पासून आहे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला संवर्धन केंद्र आहे. तिथे आधी काही काळ घालवून आपले हात या कामात रमतात का ते बघावे, असे मी सुचवेन. पगार सरकारी श्रेणीप्रमाणे असतो, तो वाईट नसतो आणि चांगलाही नसतो. खरी अडचण कंत्राटांची आहे. माझे तिसरे कंत्राट चालू आहे आणि प्रत्येक वेळी त्यासोबत परवान्याचे नूतनीकरण, घरमालकाला पत्र आणि दोन महिन्यांची झोपमोड येते. नोकरीचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेचे, म्हणजे आयकॉमचे, सदस्यपत्र मिळाले की जगभरातल्या असंख्य संग्रहालयांत विनामूल्य किंवा सवलतीत जाता येते. माझ्या सहली त्यावरच चालतात.

खाडीकाठ

शेवटचा एक प्रश्न. तुम्ही त्या सहलीतून कामासाठी काही घेऊन आलात का? आमच्या आजोबांनी दुसऱ्याची होडी पाहिली की घरी येऊन आपल्या होडीत काहीतरी बदल केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

कोठीची_किल्ली

आजोबांची आणि माझी जात एकच दिसते. स्टॉकहोमहून परतल्यावर सोमवारी मी आमच्या आलेखांत मागचे पावसाळी आठवडे शोधले. आमच्याकडे ओले कोट टांगायच्या खुंट्या मोठ्या दालनाच्या दारालगत आहेत आणि शाळांच्या सहली आल्या त्या दिवशी दाराजवळच्या काचपेटीशेजारची आर्द्रता दुपारी अकरा टक्क्यांनी चढलेली आढळली. खुंट्या तिथून काढून जिन्याखाली न्याव्यात, असा एक पानी प्रस्ताव मी त्याच दिवशी दिला. सुरक्षा विभागाचे म्हणणे असे की जिन्याखाली कोट टांगले तर आग लागल्यावर बाहेर पडायची वाट अडते, आणि ते चुकीचेही नाही. मग मी चाकांच्या दांड्या सुचवल्या, ज्या दालनापासून दूर लोटून नेता येतील. त्यावर खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा याची चर्चा तीन आठवडे चालली आहे. परवा पुन्हा पाऊस झाला, तेव्हा मी स्वतः कार्यशाळेतली हातगाडी आणून पंचवीस मुलांचे रेनकोट तिच्यावर घातले आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवले. चौघांचे कोट अदलाबदल झाले आणि एका आईचा फोन आला.

खाडीकाठ

खुंट्यांचे काय ठरते ते याच धाग्यावर कळवा.